वाचलंत ना? मग पोच द्या

माझ्या क्रमशः कथेचा सातवा भाग आला त्या रात्री बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आत्याने व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला. एकच, पिवळा. चार दिवसांनी तिच्याकडे गेले, तर चहाचं आधण ठेवायच्या आत तिची गाडी सुरू. "अगं, तुझी ती सून गॅसवर दूध ठेवून फोन घ्यायला धावते ना, तिथंच मी ओळखलं, फोन सासरच्यांचा आहे. माहेरचा असता तर आधी गॅस बंद केला असता, निवांत बोलता यावं म्हणून." मी बघतच राहिले. लिहिताना माझ्या डोक्यात असलं काही नव्हतं. शेवटी नणंद एकदम गोड का झाली, हे तिला मुळीच पटलं नव्हतं. आणि न्यायमंदिरापासून सूरसागर तलाव हाकेच्या अंतरावर असताना माझी माणसं अर्धा तास कुठं चालत होती, हाही सवाल होताच.

चहा दोनदा झाला. परतताना स्कूटरवर एकच विचार: एवढं सगळं त्या एका अंगठ्यात कसं काय मावलं?

ऑनलाइन कथा लिहिणाऱ्याला वाचकाकडून सर्वांत जास्त काय हवं असतं, ते आत्याच्या त्या चहावरच्या बोलण्यात आहे. कौतुक आवडतं, खोटं कशाला बोलू. पण कौतुक दुसऱ्या दिवशी विरतं आणि "मी अमुक ठिकाणी थांबले" हे वाक्य वर्षभर पुरतं. जुन्या पत्रांत शेवटी लिहीत, "पत्राची पोच द्यावी." आम्ही रोज अनोळखी पत्त्यांवर पत्रं टाकतो. पुस्तकाच्या लेखकाला सही देताना तरी वाचकाचा चेहरा दिसतो. २०१८ साली बडोद्यात ९१वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी ते पाहिलं, आणि थोडा हेवाही वाटला. आम्हाला चेहरा दिसत नाही. म्हणून पोच.

मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब बघते आणि रात्री ओटा आवरल्यावर लिहिते. ओळखीत लिहिणारे आणखी काही आहेत. कुणी प्रतिलिपीवर, कुणी मातृभारतीवर, एक कॉलेजातली मुलगी वॉटपॅडवर. ही सगळी कथा लिहिण्या-वाचण्याची ॲप. आम्ही भेटलो की बोलणं वाचकांवरच येतं. पुढे जे सांगतेय ते बरंचसं त्या गप्पांतलं आहे, आणि काही माझा स्वतःचा हट्ट.

आकडा बघून लेखकाला काय कळतं

लहानपणी बाबांबरोबर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जायचे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात मोफत वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं, खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरवल्या, त्या परंपरेतली ही लायब्ररी. लोखंडी मांडण्या आणि पायाखाली काचेची जमीन. मला मात्र पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायला आवडायचं. शिक्के मोजले की पुस्तक किती वेळा बाहेर गेलं ते कळायचं. वाचलं गेलं की कुणाच्या उशाशी नुसतं पडून राहिलं, ते शिक्का सांगत नसे. आणि मग एखाद्या पानावर शिसपेन्सिलीची बारीक रेघ सापडायची, शेजारी एक प्रश्नचिन्ह. लायब्ररीच्या पुस्तकात रेघा मारू नयेत, हे आधीच सांगून ठेवते. पण त्या रेघेपाशी कुणीतरी थांबलं होतं, हे पक्कं.

ऑनलाइन कथेचा वाचनांचा आकडा म्हणजे ते शिक्के. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच, की भाग उघडला गेला. पहिल्या भागाचा आकडा नेहमी फुगलेला असतो आणि पाचव्यापर्यंत तो उतरतो, हे प्रत्येक लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. का उतरला, हे मात्र कुणीच सांगत नाही. ती पेन्सिलीची रेघ आम्हाला हवी असते.

पहिली पायरी: वाचतानाच खुणा करा

वाचून झाल्यावर आठवत बसलात तर "छान" सोडून काही सुचत नाही, हा माझा स्वतःचा वाचक म्हणून अनुभव. म्हणून वाचत असतानाच एक खूण करून ठेवा. वाक्य कॉपी होत नसेल तर स्क्रीनशॉट काढा. तो फक्त तुमच्या आठवणीसाठी, वाटण्यासाठी नाही. किंवा फोनच्या नोंदवहीत दोन शब्द लिहा: "छत्री, आजोबा." पुरे.

खूण कुठं करायची? जिथं हसलात, जिथं परत मागे जाऊन वाचलंत, जिथं पुढच्या परिच्छेदावर उडी मारलीत. तिसरी जागा लोक सांगत नाहीत, लाजतात. लेखकाला तीच सर्वांत उपयोगी. मी एका भागात हळदीचा कार्यक्रम तीन पानं लिहिला होता. एका वाचक बाईंनी लिहिलं, "हळद मी पळवली हं, नवऱ्या मुलीच्या भावाचं काय झालं ते बघायचं होतं." पुढच्या कथेत हळद पाच ओळींत आटोपली.

एका भागाला एकच खूण पुरे. परीक्षेचा पेपर तपासायचा नाहीये.

दुसरी पायरी: तीन वाक्यं

आता ती खूण वाक्यांत मांडायची. सगळीकडे सर्वांत जास्त दिसणारा अभिप्राय हा: "खूप सुंदर कथा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत." त्याला मी नावं ठेवत नाही. लिहायला वेळ काढला, हेच पुष्कळ. पण हे वाक्य कुठल्याही कथेखाली चिकटवता येतं. लेखकही ते वाचतो आणि पुढे जातो.

तीच वाचक, त्याच भागाबद्दल, असं लिहू शकते: "पाऊस नसताना आजोबा कमाटीबागेतल्या बाकावर छत्री उघडून बसतात, तिथं मी थांबले. समोरून सून येतेय, तिला तोंड दाखवायचं नाही म्हणून ना? पुढच्या भागात ते घरी परत गेले तर मला राग येईल, आधीच सांगून ठेवते."

यात काय काय आहे बघा. पहिल्या वाक्यात जागा. दुसऱ्यात तुमचा अर्थ, प्रश्नाच्या रूपात. तिसऱ्यात पुढचा अंदाज किंवा भीती. साहित्याची परिभाषा कुठंही नाही, "व्यक्तिरेखाटन" नाही की "ओघवती शैली" नाही. असले शब्द वापरले नाहीत तर अभिप्राय कच्चा वाटेल, ही भीती मनातून काढून टाका. आत्याने गॅस आणि दुधाबद्दल बोलताना कुठला शब्द वापरला होता?

अंदाज चुकला तर? चुकलेला अंदाज तर लाखमोलाचा. वाचक काय धरून बसलाय ते लेखकाला त्यातून कळतं. माझ्या एका कथेत सगळे जण धाकट्या दिराला चोर समजत होते. माझ्या मनात तसं काहीच नव्हतं, पण मग त्या संशयाचा मी दोन भाग मस्त वापर करून घेतला. वाचकांना अजून वाटतं, ते आधीपासून ठरलेलं होतं.

एक पथ्य मात्र पाळा. रहस्य फुटेल असं काही असेल तर ते ज्या भागात घडलं त्याच भागाखाली लिहा. पहिल्या भागाखाली "शेवटी बाप निघाला ना खुनी!" असं लिहून मोकळे होणारे महाभाग आहेत. नव्याने येणारा वाचक तिथूनच परत फिरतो.

तारे, हृदयं, कुडोज

एका बोटाने द्यायच्या या गोष्टींची किंमत ठिकाणागणिक वेगळी आहे. प्रतिलिपीवर पाचपैकी तारे देतात. वॉटपॅडवर प्रत्येक भागाला वेगळा तारा देता येतो, आणि परिच्छेदाशेजारीच बोलता येतं. तिथली मुलं याचा सढळ वापर करतात, आपण मोठ्यांनीही शिकावा. २००९ पासून सुरू असलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर, म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या संग्रहावर, कुडोज नावाची शाबासकी असते. ती एका वाचकाला एका कथेसाठी एकदाच देता येते. कथा चाळीस प्रकरणांची असली तरी एकदाच. म्हणजे दुसऱ्या प्रकरणापाशी ती देऊन टाकली, की पुढच्या अडतीस प्रकरणांना "मी अजून आहे" हे सांगायचा मार्ग शब्दांचाच.

ताऱ्यांविषयी एक विनंती. चार तारे द्यायचे तर खुशाल द्या, पण सोबत एक ओळ लिहा. बिनशब्दांचे चार तारे पाहून लेखक रात्रभर विचार करतो, पाचवा कुठं गेला. नेट अडकलं म्हणून बोट घसरलं, असंही असू शकतं हे माहीत असूनही करतो.

"पुढचा भाग कधी?"

हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, हे आम्हाला कळतं. पहिल्यांदा विचारला तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचले होते. पण महिनाअखेर असते, कारखान्यात साठ्याची मोजणी चालू असते, घरी कुणाचा ताप उतरत नसतो, आणि फोन उघडला की अकरा जणांचा तोच प्रश्न. त्यातल्या एकानेही आलेल्या भागाबद्दल अवाक्षर काढलेलं नसतं. वाढलेल्या ताटाकडे न बघता पंक्तीत "गोड काय आहे?" असं ओरडल्यासारखं वाटतं.

उपाय सोपा आहे. आधी आलेल्या भागावर एक वाक्य, मग प्रश्न. किंवा प्रश्नच जरा वळवा: "माधवीने पत्र उघडलं की नाही, या विचारात मी आज भाजीत मीठ दोनदा घातलं." यात तगादा नाही, आणि लेखिकेला आज रात्रीच पुढचा भाग लिहावासा वाटेल, याची हमी मी देते.

कथा मध्येच थांबली असेल, वर्ष झालं तरी पुढचा भाग नसेल, तर "फसवणूक", "असं करायचं होतं तर सुरूच का केली" असं लिहू नका. त्या माणसाच्या घरी काय झालंय, आपल्याला माहीत नसतं. एवढंच लिहा: "पाचव्या भागापर्यंत वाचली. विठ्ठलमंदिराच्या पायरीवरचं भांडण अजून लक्षात आहे. पुढे लिहिलंत तर मी आहे."

आणि जुन्या कथांखाली लिहायला संकोचू नका. "आता उशीर झाला, आता काय लिहायचं" असं बऱ्याच जणांना वाटतं. चार वर्षांपूर्वीच्या, मी स्वतः विसरलेल्या कथेवर गेल्या श्रावणात एक अभिप्राय आला. त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना लीलो चिवडा दिला. कारण कुणालाच सांगितलं नाही.

चूक दाखवायची असेल तर

चुका दोन जातींच्या. वस्तुस्थितीची चूक जरूर सांगा, ती तर भेटच. माझ्या कथेत नायकाचे वडील डायलिसिसला जातात आणि अर्ध्या तासात बाहेर येऊन शेव उसळ खायला निघतात, असं मी लिहून बसले होते. एका परिचारिका ताईंनी खाजगी निरोप पाठवला, "एका वेळी साधारण चार तास लागतात, आणि बहुतेकांना आठवड्यात दोन-तीनदा जावं लागतं. शिवाय त्यांना मीठ, पाणी, सगळं मोजून. शेव उसळीची तरी काढून टाका!" मी तो प्रसंग पुन्हा लिहिला. चार तास बाहेर बसलेल्या मुलाच्या डोक्यात काय चालतं, हे लिहिता लिहिता कथेचं पोटच त्यात सापडलं. तुम्ही बँकेत असा, रेल्वेत असा, शेती करत असा, तुमच्या कामातलं जे लेखकाला ठाऊक नसेल ते सांगा. यासारखी दुसरी मदत नाही.

शुद्धलेखन चारचौघांत काढू नका, खाजगी निरोपात कळवा. पाचसहा चुका असतील तर एकत्र पाठवा, कुठल्या भागात, कुठलं वाक्य, एवढं लिहून. लेखक दुरुस्त करू शकतो, छापील पुस्तकाचं तसं नसतं.

पण थांबा, ती चूकच आहे का ते आधी बघा. आम्हा बडोदेकरांच्या मराठीवर पुण्याकडचे वाचक लाल शाई घेऊन बसतात. मी "वरघोडा निघाला" असं लिहिलं की कुणीतरी "वरात म्हणा" असं सुचवतं. अहो, देवदिवाळीला नरसिंहजींचा वरघोडा बघत वाढलेल्या माणसाने वरात का म्हणावं? माझी पात्रं पोळीत राहतात, म्हणजे खायच्या नव्हे, राहायच्या पोळीत, गल्लीत. घराच्या खिडकीतून गुजराती ऐकू येतं आणि आतून मराठी. ती भाषा तशीच येणार. शंका असेल तर "हा शब्द तुमच्याकडचा का?" असं विचारा. उत्तरादाखल लेखक तुम्हाला अर्धा इतिहास ऐकवील.

दुसरी जात मताची: शेवट पटला नाही, पात्र खोटं वाटलं. हे सांगायच्या आधी लेखकाला ते हवंय का बघा. काही जण कथेच्या आधीच "परखड मत द्या" असं लिहितात, त्यांना द्या. ज्यांनी तसं लिहिलं नाही त्यांना विचारा, "एका ठिकाणी अडखळले, सांगू का?" नव्वद टक्के लोक हो म्हणतील, असं मी माझ्या अंदाजाने म्हणते. आणि सांगताना तुमचं वाचणं सांगा. "नणंद एकदम बदलली असं मला वाटलं, मधलं काहीतरी माझ्याकडून सुटलं का?" यावर लेखक विचार करतो. "नणंद अजिबात जमली नाही" यावर तो फोन पालथा ठेवतो.

दुसऱ्याला वाचायला देताना

इथं मी जरा तापते. माझी एक कथा नावाशिवाय व्हॉट्सॲपवर फिरत फिरत माझ्याच कुटुंबाच्या ग्रुपवर आली. खाली लिहिलेलं: "लेखक अनामिक, पण लेखणीला सलाम." ज्यांनी पाठवली त्यांना वाटलं, आपण साहित्यसेवा करतोय. काकांना मी सांगितलं की ही माझी आहे, तर म्हणाले, "असं का? छान आहे हो!"

नियम एकच, मजकूर नाही, दुवा पाठवा. वर लेखकाचं नाव लिहा आणि तुम्हाला का आवडली ते एका ओळीत. त्या ओळीमुळेच समोरचा दुवा उघडतो. नुसत्या दुव्याला लोक जाहिरात समजतात. ज्यांना ॲप उघडायचा कंटाळा आहे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, पण वाचलेलं ध्वनिमुद्रण करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर आधी विचारा. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखन झाल्याक्षणी हक्क लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व नंतर ६० वर्षं राहतो.

कथा चोरलेली कुठं दिसली तर तिथं भांडू नका. दुवा आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट मूळ लेखकाला पाठवा. तक्रार लेखकानेच केलेली बरी, भांडण पेटलं की चोर मजकूर काढून टाकतो आणि पुरावाही जातो.

पैशांचं थोडक्यात: काही ठिकाणी नाणी, स्टिकर, मासिक वर्गणी असं काही असतं. परवडत असेल तर द्या, नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. आमच्यातल्या कुणाचंही घर त्यावर चालत नाही.

कुंपण

"ही तुमचीच गोष्ट आहे का?" हा प्रश्न, विशेषतः बायकांना, फार येतो. नवऱ्याशी भांडणाचा प्रसंग लिहिला की सांत्वनाचे निरोप येतात. दांडिया बाजारात तर प्रत्येक सासूला वाटतं, कथेतली सासू म्हणजे मीच. विचारू नका. सांगायचं असेल ते लेखकाने कथेत सांगितलेलं असतं. रात्री साडेअकराला "जागी आहेस का, कथेबद्दल बोलायचं होतं" हा निरोप कथेबद्दल नसतो, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक असतं. जे बोलायचं ते कथेच्या खाली, सगळ्यांसमोर.

टायपिंगचा कंटाळा

आत्याचा अंगठा का आला होता, याचा उलगडा त्या दिवशी शेवटी झाला. "मला ते मराठी टाइप करता येत नाही गं." तेव्हा ज्यांची अडचण ही आहे त्यांच्यासाठी: जीबोर्ड या गूगलच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये भाषा या ठिकाणी मराठी जोडा. मग कळफलकावरच्या माइकच्या चिन्हावर बोट ठेवा आणि बोला, शेजारणीला सांगता तसं. बोललेलं अक्षरांत उमटतं. विरामचिन्हं येत नाहीत, एखादा शब्द भलताच येतो, म्हणून पाठवण्याआधी एकदा नजर फिरवा. रोमन लिपीत "khup aavadli" लिहिण्यापेक्षा हे जलद होतं, पण तसं लिहिलंत तरी लेखक आनंदाने वाचतो.

आत्याला मी तिथंच बसून शिकवलं. आठव्या भागाखाली तिचा पहिला अभिप्राय आला, एका दमात, कुठंही पूर्णविराम नाही: "अगं तिने यावेळी गॅस बंद केला मी बघितलं म्हणजे आता तिला सासरची भीती राहिली नाही असं समजू का पण दुधाचं पाताळ तसंच उघडं आहे मांजर येईल".

नजर फिरवायची राहिली होती. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. नवव्या भागात मांजर आणलं.